व्रत आणि बंदी

माळ घालताना काय घडते ते वारकऱ्याला सांगायला नको. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली जाते, मग ती गळ्यात येते, आणि त्या क्षणापासून मद्यमांस वर्ज्य, एकादशी चुकवायची नाही, वारी मोडायची नाही, हे आपण आपल्या तोंडाने कबूल करतो. तेथे पोलीस नसतो, पंचनामा नसतो. मोडले तर दंड किती, हे कुठे लिहिलेले नसते. तरीही घराशेजारी दारूचे दुकान वर्षानुवर्षे उघडे आहे आणि पाऊल एकदाही तिकडे वळलेले नाही, अशी माळकरी माणसे प्रत्येक गावात आहेत.

बंदी ही याहून वेगळी गोष्ट. व्रत माणूस स्वतःवर घालतो, बंदी एकजण दुसऱ्यावर घालतो. व्रताला साक्षी विठोबा, बंदीला साक्षी हवालदार. दोन्हीही ‘करू नको’ एवढेच सांगतात, म्हणून ती एकच आहेत असे आपल्याला वाटू लागते. सप्ताहाच्या मंडपात कोणी वक्ता गरजला, की सरकारने सगळी नशा एका फटक्यात बंद करावी आणि नशा करणाऱ्याला तुरुंगात टाकावे, तर टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळ्या वाजवणारे हात बहुतेक माळकऱ्यांचेच असतात. मला त्या टाळ्यांविषयी थोडे बोलायचे आहे. विषय गांजाचा, आणि त्याहून जास्त, गांजाच्या नावाखाली जगभर विकल्या गेलेल्या कृत्रिम रसायनांचा.

ही रसायने काय आहेत ते आधी समजून घेऊ, कारण ‘कृत्रिम गांजा’ हे नावच फसवे आहे. गांजाच्या झाडात जे द्रव्य नशा आणते ते १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या दोघा शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतर मेंदूवर हे द्रव्य कसे काम करते याचा शोध सुरू झाला. अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठात जॉन हफमन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी संशोधनासाठी अशी शेकडो संयुगे बनवली, जी मेंदूतल्या त्याच कुलपांत किल्लीसारखी बसतात. हेतू औषधाचा होता. संयुगांना त्यांच्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक मिळाले. त्यातले एक जेडब्ल्यूएच-०१८. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे कृती छापून आली आणि ती कोणीही वाचू शकत होते. २००८ च्या अखेरीस जर्मनीत ‘स्पाइस’ नावाच्या पुड्यांतला पाला तपासला गेला, तेव्हा त्यात हेच जेडब्ल्यूएच-०१८ सापडले. पुडीवर मात्र वनस्पतींची नावे आणि ‘सुवासिक धूप’ असे शब्द होते.

म्हणजे यात गांजा नव्हताच. कुठलातरी वाळका पाला घ्यायचा, रसायन द्रावकात विरघळवून त्यावर फवारायचे, वाळवून पुडीत भरायचे. फवारा सगळीकडे सारखा पडत नाही. एकाच पिशवीतली एक चिमूट निरुपद्रवी निघते आणि दुसरी माणसाला जमिनीवर पाडते. शिवाय झाडातले द्रव्य ती किल्ली अर्धीच फिरवते, ही रसायने पुरती फिरवतात. त्यामुळे झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस पुतळ्यासारखा थिजून उभा राहतो. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच दिवशी ३३ माणसे अशी रस्त्यावर आढळली. त्यांनी ओढलेल्या पाल्यावर एएमबी-फुबिनाका नावाचे रसायन होते. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता न्यूझीलंडकडे जाऊ. इतक्या दूर जाण्याचे कारण असे, की बंदी घालावी, की परवानगी द्यावी, की तिसरेच काही करावे, हे तिन्ही मार्ग त्या एका छोट्या देशाने थोड्या वर्षांत चालून पाहिले. तेव्हा पन्नास लाखांच्या आतली लोकवस्ती. तिथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला ‘डेअरी’ म्हणतात. दूध, पाव, वर्तमानपत्र, मुलांच्या गोळ्या, आणि त्याच फळीवर ‘क्रॉनिक’ नावाच्या कृत्रिम गांजाच्या पुड्या. झाडाचा खरा गांजा तिथे गुन्हा होता, आणि त्याहून घातक असलेले हे रसायन दुधाच्या पिशवीशेजारी राजरोस मिळत होते. कारण कायद्याच्या यादीत गांजाचे नाव होते, या रसायनाचे नव्हते.

सरकारने २०११ मध्ये तातडीच्या बंदीचा मार्ग काढला. एखादे रसायन धोक्याचे दिसले की मंत्र्यांनी एका वर्षासाठी त्यावर बंदी जाहीर करायची. बंदी लागली की बनवणाऱ्याने रेणूचा एक कोपरा बदलायचा. बदललेला रेणू यादीत नाही, म्हणजे कायदेशीर. पुडीचे चित्र तेच, किंमत तीच. एक बंद, दुसरे चालू. आणि दरवेळी नवे रसायन आधीच्यापेक्षा कमी ओळखीचे, म्हणून जास्त धोक्याचे.

ही तऱ्हा आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदीनंतर देशात अनेक ठिकाणी काय झाले ते टपरीवर उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन पुड्या वेगळ्या विकत घ्यायच्या आणि तळहातावर एक करायच्या. गुटखा कुठे आहे? कुठेच नाही. आणि आपल्याकडे शेजारच्या राज्यांतून आलेला माल पकडल्याच्या बातम्या आजही छापून येतात. बंदी वस्तूवर असते आणि वस्तू नाव बदलू शकते, एवढे यातून दिसते. म्हणून बंदीच नको, असे मात्र यातून निघत नाही. तिकडे पुढे येऊ.

न्यूझीलंडने मग प्रश्नच उलटा केला. जुलै २०१३ मध्ये त्यांच्या संसदेने नवा कायदा केला. आतापर्यंत सरकारला सिद्ध करावे लागत होते की वस्तू घातक आहे. यापुढे विकणाऱ्याने सिद्ध करावे की तिचा धोका अल्प आहे. सिद्ध केले तर परवाना, नाही तर विक्री नाही. डेअरीत, पेट्रोल पंपावर, दारूच्या दुकानात विकायचे नाही. अठरा वर्षांखालच्याला द्यायचे नाही. हजारो दुकानांतली विक्री सुमारे दीडशे दुकानांवर आली. ज्या थोड्या मालाबद्दल गंभीर तक्रार नव्हती, त्याला तात्पुरती परवानगी मिळाली. कायदा ११९ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाला.

ते एक मत कशासाठी होते, हे वारकऱ्याने जरूर ऐकावे. जॉन बँक्स नावाच्या सभासदाचे म्हणणे असे, की धोका अल्प आहे हे सिद्ध करायचे म्हणजे आधी मुक्या जनावरांवर प्रयोग होणार. ससे, उंदीर, कदाचित कुत्रीही. रोग बरा करणाऱ्या औषधासाठी जनावराला त्रास द्यावा की नाही यावर वाद होऊ शकतो. पण कोणाला संध्याकाळी गंमत वाटावी म्हणून सशाला विष पाजायचे? त्या दिवशी ते एकटे पडले. पुढे हा प्रश्न रस्त्यावर आला, लोक आपापली कुत्री घेऊन मोर्चात उतरले. मे २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. सगळ्या तात्पुरत्या परवानग्या रद्द झाल्या आणि परवान्यासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगांचा पुरावा चालणार नाही असे ठरले. त्या पुराव्याशिवाय धोका अल्प असल्याचे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. म्हणजे कागदावर परवान्याचा कायदा उरला आणि व्यवहारात संपूर्ण बंदी आली.

भूतदयेचे बोलणे आपण रोज करतो. त्या परक्या लोकांनी सशाच्या बाजूने उभे राहून बाजार बंद पाडला याचे मला कौतुक वाटते. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल.

दुकाने बंद झाली, गरज बंद झाली नाही. माल गल्लीत गेला. जो आधी निदान पुडीवर नाव घालून विकत होता, तो आता प्लास्टिकच्या पिशवीत, अंधारात विकू लागला. काय फवारले, किती फवारले, कोणाला माहीत नाही. २०१७ च्या मध्यापासून ऑकलंडमध्ये माणसे पटापट मरू लागली. जून २०१८ पर्यंतच्या एका वर्षात या रसायनांशी जोडलेले मृत्यू ४० ते ४५ असल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. मालात सापडले ते बहुतेक ठिकाणी एएमबी-फुबिनाका, ब्रुकलिनमधले तेच. मरणारे कोण? बेघर, बेकार, मनाने आजारी, एकटे. ज्यांच्याजवळ चार पैसे होते ते याच्या वाटेला फारसे गेले नाहीत. हे सर्वांत स्वस्त विष होते आणि सर्वांत गरीब माणसाच्या वाट्याला आले.

आता येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दोन बाजूंनी येतो.

पहिला म्हणतो, बघा, बंदीने माणसे मारली. सज्ञान माणसाने स्वतःच्या देहाचे काय करायचे हे त्याचे त्याने ठरवावे, सरकारचा काय संबंध? या मताचा मोठा आधार म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. १८५९ साली त्यांनी स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसावर सक्ती करावी, केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे. दारूबंदीलाही त्यांचा विरोध होता. मात्र त्याच ग्रंथात त्यांनी एक अपवाद सांगितला आहे, त्याकडे हे लोक डोळेझाक करतात. माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य नाही, कारण तो सौदा झाला की स्वातंत्र्यच संपते. व्यसन म्हणजे याहून वेगळे काय? पहिली पुडी माणूस घेतो, शंभरावी पुडी माणसाला घेते. ‘माझा देह, माझी मर्जी’ म्हणणाऱ्याची मर्जी शंभराव्या दिवशी कुठे असते, हे ज्या घरात असा मुलगा आहे त्या आईला विचारावे. तिची पाटल्या-मंगळसूत्राची पुरचुंडी जागेवर नसते. इजा दुसऱ्याला होतच नाही, हे म्हणणे घराच्या उंबऱ्यापाशी टिकत नाही.

दुसरा पूर्वपक्ष आपल्या मंडपातला. तो म्हणतो, बंदी अपुरी पडली कारण ती कडक नव्हती. पिणाऱ्यालाही पकडा, दहा वर्षे डांबा, मग बघा. याला उत्तर इंग्लंडच्या तुरुंगांनी दिले आहे. भिंती, कुलपे, झडत्या, पहारा, सगळे असलेल्या जागी तिथे ‘स्पाइस’ घरोघरी मिळावे तसे मिळू लागले. कैद्यांना ते आवडत होते असे नाही. झाडाचा गांजा लघवीच्या तपासणीत सापडे, हे रसायन सापडत नसे. म्हणजे तपासणी कडक झाली म्हणून कैदी कमी घातक वस्तू सोडून जास्त घातक वस्तूकडे वळले. तुरुंगात जे थांबवता आले नाही ते तुरुंगात टाकून कसे थांबेल?

ही भीती नवी नाही. आपल्याच देशात इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग, गांजा आणि चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याने गावोगाव फिरून अकराशेहून अधिक लोकांच्या साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. मोजक्या सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी घातली तर लोक याहून वाईट द्रव्यांकडे वळण्याची भीती आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या सरकारला उत्पन्नाचाही मोह होता, हे विसरू नये. तरी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या इशाऱ्याचा शब्द न् शब्द ऑकलंडच्या गल्लीत खरा ठरला.

मग आपला पक्ष कोणता? माझ्या मते दोष विकणारा आणि पिणारा यांना एकाच दोरीने बांधण्यात आहे. बंदी विक्रीवर हवी आणि ती ठाम हवी. दुसऱ्याच्या दुबळेपणावर आपले घर बांधणारा माणूस हा पिणाऱ्यासारखा आजारी नसतो, त्याचे डोके शाबूत असते. न्यूझीलंडमध्ये दुकाने बंद झाली ते मी चूक मानत नाही. चूक ही, की दुकान बंद करताना त्याच्या दारात रोज येणाऱ्या माणसाचे उद्या काय होणार, याची तजवीज कोणी केली नाही. शटर ओढणे एका दिवसाचे काम असते, उपचाराची खाट उभी करायला वर्षे लागतात, आणि मधल्या काळात माणसे गेली.

हे त्या देशाच्याही लक्षात आले असावे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी आणखी एक दुरुस्ती केली. एएमबी-फुबिनाका आणि त्याच्यासारखेच आणखी एक रसायन सर्वांत घातक वर्गात टाकले, म्हणजे विकणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. आणि त्याच कायद्यात पोलिसांना सांगितले, की नुसते जवळ बाळगणाऱ्यावर किंवा ओढणाऱ्यावर खटला भरण्यापूर्वी विचार करा, याला कोर्टात नेण्यात लोकांचे हित आहे का, की दवाखान्यात नेणे जास्त उपयोगी आहे? एकाच कागदावर एका हाताने मूठ आवळली आणि दुसऱ्या हाताने सैल सोडली. मला यात विसंगती दिसत नाही. झाडाच्या गांजाबद्दल मात्र त्या देशाचे मन अजून दुभंगलेलेच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये लोकांचे मत घेतले, तेव्हा तो कायदेशीर करायला ५०.७ टक्के ‘नको’ म्हणाले आणि ४८.४ टक्के ‘हो’ म्हणाले. इतक्या थोड्या अंतराने एखादी गोष्ट पुण्य किंवा पाप ठरत नसते. ती फक्त कायदेशीर किंवा बेकायदेशीर ठरते.

आपल्या देशातला कायदा १९८५ चा. अमली पदार्थांचा हा कायदा जगात कडक समजल्या जाणाऱ्यांपैकी आहे. त्याची गंमत अशी, की गांजाच्या झाडाचा शेंडा-फुलोरा गुन्हा, राळ म्हणजे चरस गुन्हा, पण शेंडे नसलेली नुसती पाने ‘गांजा’ या व्याख्येत येत नाहीत. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आजही आहेत. एकाच झाडाचे एक पान बाजारात आणि एक फूल तुरुंगात. इंग्लंडची तऱ्हा आणखी वेगळी. २०१६ मध्ये त्यांनी ठरवले, की यादी करत बसण्यापेक्षा मेंदूवर परिणाम करणाऱ्या प्रत्येकच पदार्थाची विक्री बंद. पण मग दारू, तंबाखू, आणि हो, चहा-कॉफीतले द्रव्यसुद्धा नाव घेऊन वगळावे लागले! नाही तर पहाटेच्या काकडआरतीनंतरचा चहासुद्धा त्या कायद्यात सापडला असता. थट्टा सोडून द्या, पण त्या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. विकणे गुन्हा, मात्र तुरुंगाबाहेर नुसते जवळ असणे गुन्हा नाही.

वगळलेल्या यादीत तंबाखू आली म्हणून आपल्या घरातले बोलतो. दिंडीत दुपारचा विसावा झाला, की झाडाखाली किती चंच्या सुटतात ते पाहावे. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि डाव्या तळहातावर तंबाखू-चुना. मागच्या बाजूला माउल्या मशेरी लावत बसलेल्या. कोणी कोणाला काही बोलत नाही, उलट ‘घ्या माउली’ म्हणून चिमूट पुढे होते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्स संस्थेच्या पाहणीत वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले २.८ टक्के, तर दारू घेणारे १४.६ टक्के. तोंडाचा कर्करोग ज्या वस्तूने होतो ती टपरीवर आहे, संसार ज्या वस्तूने मोडतात तिचा कर सरकारच्या तिजोरीत जमा होतो, आणि आपल्या टाळ्या त्या २.८ टक्क्यांना तुरुंगात टाकण्यासाठी वाजतात. गांजा बरा, असे मी म्हणत नाही. कोवळ्या वयात त्याने मुलांची डोकी फिरलेली डॉक्टर रोज पाहतात. म्हणणे इतकेच, की कायद्याची रेघ पापपुण्याच्या रेघेवरून ओढलेली नाही. तेव्हा कायद्याने पकडलेला तो पापी आणि न पकडलेले आपण पुण्यवान, हा हिशेब वारकऱ्याला शोभत नाही.

तुकोबारायांनी तंबाखू ओढणाऱ्या आणि भांग ढोसणाऱ्यांवर कोरडे ओढले आहेत, हे खरे. पण ते कोणावर, हे पाहिले पाहिजे. साधूचा वेष घेऊन लोकांना नाडणाऱ्यांवर. ढोंगावर. पडलेल्या माणसाला लाथ मारण्यासाठी त्यांचे अभंग कोणी काढू नयेत.

आणि एक गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. माळकऱ्याच्या घरात मुलगा नशेला लागला, तर ते घर सर्वांत उशिरा डॉक्टरकडे जाते. ‘लोक काय म्हणतील, आपल्या घरात माळ आहे’ या एका वाक्यापायी दोन-दोन वर्षे जातात. मुलगा बेशुद्ध पडला तर रुग्णवाहिका बोलवायलाही धीर होत नाही, कारण मागून पोलीस येईल ही भीती. म्हणजे व्रताची लाज आणि कायद्याचा धाक, दोन्ही मिळून त्या पोराच्या उशाशी दार लावून बसतात. ज्या माळेने हे दार उघडायचे, तीच अडसर झाली तर काय म्हणावे?

त्या घरांसाठी एक माहिती येथे मुद्दाम देतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. आपल्या १९८५ च्या कायद्यात चौसष्ट-अ नावाचे कलम आहे. थोड्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ सापडलेला किंवा सेवन केलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालू नये, अशी त्यात तरतूद आहे. उपचार अर्धवट टाकला तर मात्र ती सवलत जाऊ शकते. प्रमाण जास्त असेल किंवा विक्रीचा आरोप असेल तर ही वाट मिळत नाही. चांगल्या वकिलाला विचारून मगच पाऊल टाकावे. पण जो कायदा आपण नुसती काठी समजतो, त्याच्या पोटातही परत यायची एक वाट ठेवलेली आहे. ती ज्यांनी ठेवली त्यांना माणूस आपणहून उठतो हे ठाऊक होते. ‘आपणहून’ हा शब्द व्रताचा आहे, बंदीचा नव्हे.

आता उरला तो प्रश्न, जो सप्ताहात आईबाप बाजूला घेऊन हळूच विचारतात. मुलगा उपचार घेतोय, त्याला आताच माळ घालावी का? म्हणजे धाकाने तरी सुटेल. काही जाणते लोक हो म्हणतात, आणि त्यांच्या भावनेला मी कमी लेखत नाही. माझे मत घाई करू नये असे आहे. माळ ही औषध नव्हे आणि बेडी तर नव्हेच. डॉक्टर सांगतात की या आजारात माणूस दोन-चारदा घसरतोच. गळ्यात माळ असताना घसरला तर तो स्वतःला दुप्पट गुन्हेगार समजतो, आणि माळेबरोबर उपचारही सोडून देतो. ज्या दिवशी तो स्वतः मागेल त्या दिवशी घालावी.

तोवर त्याला वारीला मात्र न्यावे. चालायला माळ लागत नाही, आणि पंढरीच्या वाटेवर गळा तपासून कोणी रांगेत घेत नाही. डॉक्टरांची परवानगी घ्यावी. त्याच्या गोळ्या एकादशीलाही चुकू देऊ नयेत, गोळीने उपवास मोडत नाही. दिंडी निघण्यापूर्वी विणेकऱ्याने आणि चोपदाराने मिळून एवढेच ठरवावे, की त्याच्या शेजारी राहुटीत कोण झोपणार, गोळ्यांची पुडी कोणाच्या पिशवीत राहणार, आणि दुपारच्या विसाव्याला त्याच्यासमोर चंची कोणी सोडायची नाही.